पाकिटातलं हळकुंड मोडून बघता येत नाही

सांगलीच्या मार्केट यार्डात सौद्याला आलेला खरेदीदार हळदीच्या ढिगापाशी वाकतो, मूठभर हळकुंडं उचलतो आणि त्यातलं एक मोडतो. कट्कन आवाज आला तर माल नीट वाळलाय. मोडण्याआधी वाकलं तर आत ओल आहे. मोडल्या जागी गाभ्याचा रंग दिसतो, आणि वरचं पॉलिश तिथपर्यंत पोचत नाही. मग वास, मग हळकुंडात गड्डा (मुळाचा जाड गोळा) आणि कणी (तुकडे) किती मिसळलीय त्यावर एक नजर. या सगळ्यात कुणी कुणाला ‘विश्वास ठेवा’ म्हणत नाही. माल समोर असतो आणि तो तपासायची रीत दोघांनाही ठाऊक असते.

हीच हळद दळून दोनशे ग्रॅमच्या पाकिटात गेली की ही सोय संपली. पूड मोडता येत नाही. वास बाहेर येत नाही, आणि आला तर पाकीट गळतंय असं समजावं. विट्याच्या किंवा इस्लामपूरच्या दुकानात फळीसमोर उभ्या असलेल्या बाईंना पाकिटावर काय छापलंय तेवढंच दिसतं. त्यामुळे पाकिटाच्या डिझाइनचं पहिलं काम देखणं दिसण्याचं नाही. यार्डातला माणूस हळकुंड मोडून जे करतो, ते गिऱ्हाइकाला फळीसमोर उभ्याउभ्या करता यावं, एवढी सोय करून देणं हे ते काम. बचत गट असो, शेतकरी कंपनी असो की घरचा ब्रँड, पाकीट काढताना नेमकं हेच राहून जातं आणि पैसे सोनेरी बॉर्डरवर खर्च होतात.

पाकिटावरच्या मजकुराचे सरळ दोन ढीग करा. एका ढिगात ‘अस्सल’, ‘शुद्ध’, ‘घरगुती’, ‘परंपरागत’, ‘आजीच्या हातची’ असे शब्द. दुसऱ्या ढिगात वजन, दर ग्रॅमची किंमत, भरल्याची तारीख, बॅच क्रमांक, लायसन्स क्रमांक, भरणाऱ्याचा पूर्ण पत्ता, तक्रारीचा फोन. पहिल्या ढिगातला एकही शब्द गिऱ्हाइकाला तपासता येत नाही, दुसऱ्यातली प्रत्येक गोष्ट तपासता येते. बहुतेक पाकिटांवर पहिला ढीग समोर, मोठ्या अक्षरात असतो आणि दुसरा मागच्या शिवणीपाशी मुंगीच्या अक्षरात. ही अदलाबदल निम्मी जरी सुधारली तरी पाकीट बदलतं. शिवाय ‘शुद्ध’, ‘नैसर्गिक’, ‘ताजं’ हे शब्द कुठे आणि कसे वापरायचे यावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, म्हणजे एफएसएसएआयचे, २०१८ चे नियम आहेत. ‘१०० टक्के’ असा दावा लेबलवर करू नका, अशी सूचनाही प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये काढली. ‘१०० टक्के शुद्ध’ हा शिक्का अजून कुणी छापून घेत असेल तर तो सल्ला देणारा डिझायनर बदलावा.

रंगाचा सापळा

हळदीच्या पाकिटात सगळ्यात मोठी चूक रंगाची होते, आणि ती दिसायला चूक वाटत नाही. डिझायनर फोटोतला पिवळा रंग चढवतो. स्क्रीनवर पूड झेंडूसारखी झगमगते. गिऱ्हाईक घरी पाकीट फोडतं तर आत जरा मातकट, नारिंगीकडे झुकणारी पूड. खरी हळद तशीच असते, पण छापलेल्या फोटोशेजारी ती फिकी ठरते. मग दुकानदाराकडून निरोप येतो: ‘रंग कमी आहे.’ आता भरणाऱ्यापुढे दोन वाटा उरतात, फोटो खरा करायचा किंवा हळद खोटी करायची.

दुसरी वाट कुठे जाते याचं उदाहरण शेजारच्या देशात आहे. बांगलादेशात ऐंशीच्या दशकातल्या पुरानंतर हळद नीट वाळली नाही, काळपट पडली. ती विकली जावी म्हणून हळकुंडांना लेड क्रोमेट, म्हणजे शिसं असलेला पिवळा रंग, चोळायची पद्धत पडली आणि पुढे कित्येक वर्षं टिकली. २०१९ मध्ये संशोधकांनी हे उघड केलं, मग तिथल्या सरकारने धाडी घातल्या. पूर आपल्याकडेही येतो, वेगळं सांगायला नको. पण इथे मुद्दा पुराचा नसून गिऱ्हाइकाच्या डोळ्याला लावलेल्या सवयीचा आहे. गुळाचंही तेच झालं. पांढुरका-पिवळा गूळ म्हणजे चांगला, असं बाजाराने ठरवलं आणि गुऱ्हाळात रंग उजळवणारी हायड्रॉस पावडर आली. डिझाइन ज्या खुणेला ‘चांगल्या मालाची खूण’ म्हणून मिरवतं, त्याच खुणेची भेसळ होते.

म्हणून फोटो काढताना पूड पांढऱ्या कागदावर, दिवसाच्या पण सावलीतल्या उजेडात ठेवा. छपाईचा प्रूफ आला की त्यावर त्याच बॅचची चिमूटभर पूड ठेवून बघा. छापलेला रंग पुडीपेक्षा उजळ दिसला तर तो खाली आणायला सांगा. प्रेसवाला ‘उठाव कमी होईल’ म्हणेल. होऊ दे. उठाव बाकी पाकिटाने द्यावा. गर्द निळी किंवा विटकरी जमीन, म्हणजे मागचा रंग, घेतली तर खरी हळदही तिच्यावर उठून दिसते. पिवळ्यावर पिवळं ठेवलं की मग फोटो भडक करण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

यावर सरळ उपाय सुचतो तो पारदर्शक खिडकीचा. माल दाखवूनच टाकू! विचार चांगला आहे, पण हळदीच्या बाबतीत उलटतो. हळदीचा पिवळेपणा करक्युमिनमुळे असतो आणि करक्युमिन उजेडात विरतं. ट्यूबलाइटखाली किंवा दुकानाच्या दर्शनी काचेमागे पाकीट महिनोन्‌महिने राहिलं की खिडकीपाशी पूड फिकी पडते आणि आतली तशीच राहते. पाकीट हलवलं की दोन रंग दिसतात, आणि ‘मिसळलेली आहे’ असा संशय येतो. खरा माल, प्रामाणिक खिडकी, तरी संशय. खिडकी हवीच असेल तर मागच्या बाजूला, खालच्या भागात, दोन बोटं रुंद ठेवा, म्हणजे फळीवर ती अंधारात राहील. नाहीतर अपारदर्शक पाकीट घ्या आणि दुकानदाराकडे झाकणाच्या छोट्या बाटलीत त्याच बॅचचा नमुना द्या. खर्चाच्या मानाने दुसरा उपाय उत्तम, पण दर बॅचला बाटली बदलायचा आळस होतो आणि सहा महिन्यांनी तीच जुनी, फिकी बाटली तुमच्याविरुद्ध साक्ष देते.

हळकुंड मोडायची सोय छापता येते का? थोडीफार येते. पाकिटामागे चार ओळींत घरगुती चाचणी द्या: ग्लासभर पाण्यात चमचाभर हळद टाका. पूड खाली बसताना पाणी हलकं पिवळं राहिलं तर ठीक. गडद पिवळं झालं तर वरून रंग घातल्याचा संशय घ्यावा. ही चाचणी एफएसएसएआयनेच लोकांसाठी दिलेली आहे. जो स्वतःच्या पाकिटावर ती छापतो, त्याने आपला माल गिऱ्हाइकाच्या हातात मोडायला दिल्यासारखंच झालं. फक्त तिच्याखाली ‘शुद्धतेची खात्री’ असं लिहू नका, कारण पाण्यात विरघळणारा रंग यात कळतो, शिसं नाही. शिशासाठी प्रयोगशाळाच लागते.

नाव ‘सांगली हळद’, पण कुठली?

‘सांगली हळद’ला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, मिळालं. तेव्हापासून हे नाव पाकिटावर नुसतं मिरवण्यापुरतं राहिलेलं नाही. जीआयचा शिक्का वापरायचा तर अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी लागते. त्याहून नाजूक गोष्ट अशी की सांगलीच्या यार्डात जिल्ह्याबाहेरची, विशेषतः कर्नाटकातली हळदही मोठ्या प्रमाणावर येते. सांगलीत घेतली, सांगलीत दळली, सांगलीत भरली, पण पिकली दुसरीकडे. अशा पाकिटावर मोठ्या अक्षरात ‘सांगलीची हळद’ लिहायचं का? इथे खरी गोष्ट लिहिली तर नुकसान होत नाही, कारण आपल्याकडच्या गिऱ्हाइकाला हे ठाऊकच असतं. ‘राजापुरी, पीक: वाळवा तालुका’ (राजापुरी हे हळदीचं वाण) किंवा ‘पीक: कर्नाटक, दळण व पॅकिंग: सांगली’ अशी एक ओळ समोर द्या. माहीतगार माणूस ती वाचून थबकतो आणि पुढचंही वाचतो.

हरिपूरच्या पेवांचं चित्र काढायचा मोह असाच. जमिनीखालच्या त्या पेवांत हळद साठवायची पद्धत सांगलीची ओळख होती, २००५ च्या महापुरात पेवांचं मोठं नुकसान झालं. तुमची हळद पेवात साठवलेली नसेल, गोदामात असेल, तर पेवाचं चित्र समोर नको. मागे इतिहास म्हणून दोन ओळी चालतील.

आता दुसऱ्या ढिगातल्या गोष्टी. यातल्या बऱ्याचशा कायद्याने सक्तीच्या आहेत, म्हणून लोक त्या ‘भरून टाकायच्या’ समजतात. खरं तर पाकिटावर विश्वासाची जागा हीच.

नव्या माणसाला सगळ्यात आधी भाषाच अडवते. लेबलचा सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत हवा. मराठी त्यासोबत देता येते, पण फक्त मराठीत छापलेलं लेबल चालत नाही. आकड्यांचंही तसंच. वजनमाप कायदा, २००९ आंतरराष्ट्रीय अंकच मानतो, म्हणून वजन आणि किंमत त्याच अंकांत हवी. देवनागरी ‘५००’ शोभेला शेजारी ठेवा, त्याच्या जागी नको. ग्रॅमसाठी इंग्रजी ‘जी’ हे एकच छोटं अक्षर लिहायचं. ‘जीएम’, ‘जीएमएस’ अशी रूपं अजून सर्रास दिसतात आणि ती चूक आहेत.

किंमतीशेजारी आता दर ग्रॅमची किंमतही द्यावी लागते. दोनशे ग्रॅमला ७० रुपये म्हणजे ग्रॅमला ३५ पैसे. हळद ठरावीक वजनांतच पॅक करायची सक्ती नाही, त्यामुळे फळीवर १८० ग्रॅमची पाकिटंही दोनशेच्या ऐटीत उभी राहू शकतात. दर ग्रॅमचा आकडा हा त्यावरचा उतारा. तुमचं वजन पूर्ण दोनशे असेल तर तो आकडा लपवायचं कारणच काय? किंमतीच्या लगेच खाली, त्याच ठळकपणे द्या.

हिरव्या ठिपक्याचं माप ठरलेलं आहे. समोरच्या बाजूचं क्षेत्रफळ शंभर ते पाचशे चौरस सेंटिमीटर असेल, आणि दोनशे ग्रॅमचं पाकीट साधारण याच गटात येतं, तर ठिपका किमान ४ मिलिमीटर व्यासाचा आणि भोवतालच्या चौकटीची बाजू त्याच्या दुप्पट, म्हणजे ८ मिलिमीटर. हळदीच्या पानाच्या हिरव्या चित्रावर हा ठिपका बसवला की तो हरवतो. पांढऱ्या पट्टीवर घ्या.

एफएसएसएआयचा क्रमांक चौदा अंकी असतो आणि तो वाचता येतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. पहिला अंक १ असेल तर लायसन्स, २ असेल तर छोट्या व्यवसायाची नोंदणी. पुढचे दोन अंक राज्याचे: महाराष्ट्राला १५, केंद्रीय लायसन्सला ००. त्यापुढचे दोन अंक वर्षाचे. प्राधिकरणाच्या फॉसकॉस या संकेतस्थळावर हा क्रमांक टाकला की लायसन्स कुणाच्या नावावर आहे आणि चालू आहे का ते कळतं. म्हणून हा क्रमांक चौदा अंक सलग, सुटा, दोन ओळींत न मोडता छापा. शिवणीत गेलेला एक अंक सगळा क्रमांक निकामी करतो.

बॅच, तारीख आणि किंमत छापील फिल्मवर नंतर उमटवतात, आणि खरा घोटाळा इथेच होतो. हळदीची बारीक धूळ भरताना फिल्मवर बसते. त्या धुळीवर पडलेली शाई धरत नाही, अंगठ्याने पुसली जाते. तारीख पुसटलेलं पाकीट हातात आलं की ‘मुद्दामच पुसली असणार’ हाच पहिला विचार येतो. डिझाइनमध्येच त्यासाठी बिनचमकीचा, फिकट रंगाचा कोरा पट्टा सोडा, किमान ४० बाय १५ मिलिमीटर. त्याच्या डाव्या बाजूला ‘पॅकिंग’, ‘बॅच’, ‘किंमत’ ही नावं आधीच छापून घ्या. छापखान्याला सांगून त्या पट्ट्यावर व्हार्निश देऊ नका. पूड भरण्याआधी तारीख उमटवता आली तर निम्मा त्रास मिटतो. आणि रोज सकाळी पहिल्या दहा पाकिटांवर अंगठा घासून बघा. याहून स्वस्त तपासणी नाही.

जुन्या किंमतीवर वाढीव किंमतीची चिकटपट्टी लावणं तर बेकायदेशीरच. किंमत कमी केली असेल तर पट्टी लावता येते, पण मूळ छापील किंमत झाकायची नाही. दोन्ही किंमती दिसल्या की गिऱ्हाईक खूषच होतं.

मराठी अक्षरं

सांगलीचा माणूस पाकीट उचलतो आणि त्याला ते ‘आपलं’ वाटत नाही, पण का ते सांगता येत नाही. बऱ्याचदा कारण अक्षरात असतं. संगणकावरचे बरेच देवनागरी फाँट हिंदीच्या वळणाचे असतात. मराठीचा ल पाकळीचा आणि श देठाचा. राज्य सरकारच्या २००९ च्या शासन निर्णयातही हीच रूपं प्रमाण मानली आहेत. ‘हळद’ शब्दात ळ आहे म्हणून तिथे चालून जातं, पण ‘सांगली’, ‘लागवड’, ‘शेतकरी’ छापलं की फरक उघडा पडतो.

दुसरी अडचण जुन्या फाइलींची. पूर्वीच्या फाँटात टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये नेताना पहिली वेलांटी भलत्या अक्षरावर जाते, रफार सरकतो, ‘दुसऱ्या डब्यात काढा’ मधला ‘ऱ्या’ फुटतो. छापखान्यात पाठवण्याआधी अक्षरांची रेषाकृती करतात, म्हणजे अक्षरांचं चित्र होतं आणि पुढे दुरुस्ती करता येत नाही. तपासणी त्या रेषाकृती झालेल्या फाइलचीच करा, आधीच्या मजकुराची नाही. ग्रॅव्ह्युअर छपाईत प्रत्येक रंगाला स्वतंत्र सिलिंडर लागतो. एका काना-मात्रेपायी सिलिंडर पुन्हा कोरावा लागला तर खर्च कुणाचा यावर जे भांडण होतं, ते आधी पैसे देऊन मुद्रितशोधक लावण्यापेक्षा कितीतरी महाग पडतं.

देवनागरीला वर मात्रा आणि खाली उकार असल्याने ओळींमध्ये जागा जास्त लागते. अक्षराच्या आकाराच्या दीडपट अंतर ठेवा. गर्द जमिनीवर बारीक पांढरी अक्षरं नकोतच. चार रंगांचे ठसे केसभर सरकले तरी ‘थ’ आणि ‘य’ ओळखू येत नाहीत.

क्यूआर कोड हल्ली सगळेच टाकतात. तो स्कॅन केल्यावर कंपनीचं मुखपृष्ठ उघडत असेल तर टाकू नका, पाच सेकंदांत गिऱ्हाइकाला फसवल्यासारखं होतं. त्या बॅचचा प्रयोगशाळेचा अहवाल उघडत असेल तर मात्र पाकिटावर याहून मौल्यवान जागा नाही. अहवालातले चारच आकडे मराठीत वर द्या, त्यांच्या मर्यादेसह: ओलावा १० टक्क्यांहून जास्त नको, एकूण राख ९ टक्क्यांहून जास्त नको, करक्युमिनॉइड (करक्युमिन आणि त्याच्या जातीची रंगद्रव्यं) किमान २ टक्के हवं, शिसं १० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखांत दहा भागांच्या, आत. पूर्ण अहवाल खाली जोडा. कोड २ सेंटिमीटरहून लहान नको, घडीवर किंवा शिवणीवर नको, आणि भोवती कोडातल्या चार ठिपक्यांएवढी कोरी जागा हवी. बारकोडच्या रेघा लाल किंवा नारिंगी करू नका. स्कॅनरचा उजेड लाल असतो, त्याला त्या रेघा दिसतच नाहीत. पिवळ्यावर काळ्या रेघा मात्र छान वाचल्या जातात.

शिवणीबद्दल थोडं, कारण डिझाइन इथे संपतं असं समजतात. वरची शिवण आठ ते दहा मिलिमीटर रुंद ठेवा. भरताना पूड उडून शिवणीत अडकली की तिथे चिकटत नाही, बारीक वाट राहते आणि आठवड्यात सगळी फळी पिवळी होते. दुकानदार मग ते पाकीट मागच्या रांगेत टाकतो. पाकीट कितीही सुंदर असो, बोटाला पिवळं लागलं की तिथेच सगळं संपलं. भरण्याची नळी पाकिटात खोलवर जाऊ द्या आणि शिवणीआधी कडा कोरड्या ब्रशने झाडा.

छापायला टाकण्याआधी एक तालीम. खऱ्या मापात, साध्या प्रिंटरवर पाकीट छापा, कापून खऱ्या पाकिटावर चिकटवा, आत हळद भरा. ते एखाद्या दुकानात इतर पाकिटांच्या रांगेत ठेवा आणि डिझाइनशी काही संबंध नसलेल्या पाच-सहा जणांच्या हातात द्या, त्यात किमान दोघं चष्मा विसरून आलेले असू देत. ‘कसं वाटतंय?’ हे विचारू नका, सगळे ‘छान’ म्हणतील. विचारा: वजन किती? कधी भरलीय? हळद कुठली? खराब निघाली तर कुणाला फोन करायचा? प्रत्येक उत्तराला दहा सेकंद. ज्या प्रश्नावर दोघं अडखळले, ती जागा पुन्हा मांडा, आणि माणसं बदलून पुन्हा विचारा.

शेवटचा प्रश्न विचारून झाला की तोच फोन नंबर तिथेच लावून बघा. कुणी उचलतं का?